एका अक्षराचं साटंलोटं

लातूरच्या एका क्लासमध्ये मी बायोलॉजी शिकवते. नीटची मुलं समोर बसलेली असतात आणि मी फळ्यावर दाखवत असते: डीएनए केंद्रकातच राहतो, त्याची नक्कल बाहेर येते, रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि दर तिकडीला एक अमिनो आम्ल साखळीत जोडत जातो. साखळी पुरी झाली की प्रथिन तयार. मग मुलांचं आवडतं उदाहरण येतं. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलतं, साखळीत सहाव्या जागी भलतंच अमिनो आम्ल बसतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हमखास मार्काचा प्रश्न. मुलं भराभर उतरवून घेतात. मला त्या फळ्याचा आता राग येतो, कारण ते अक्षर माझ्या लेकीच्या अंगात आहे.

गेल्या महिन्यात तास चालू असतानाच नवऱ्याचा फोन आला. लेक हिमायतनगरला त्याच्याजवळ आणि सासूजवळ राहते. तिच्या हाडांत पुन्हा कळा सुरू झाल्या होत्या, नांदेडला ॲडमिट केलं होतं. मी मिळेल ती एसटी पकडली. वॉर्डात ती कण्हत पडली होती आणि सासू तिचे पाय चोळत होती. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. मला आत्याच्या मुलाला द्यायचं आणि आत्याची मुलगी माझ्या भावाला करायची, असं साटंलोटं माझ्या लग्नातच ठरलेलं. आता त्या दोघांच्या लग्नाचीही सुपारी फुटली होती. माझ्यात आणि नवऱ्यात ते अक्षर लपलेलं होतंच. भावाची तपासणी मी करून घेतली, त्याच्यातही निघालं. राहिली होती नणंद.

"आत्या, पाया पडते, तिचं रक्त तपासू द्या," मी म्हणाले.

"अन् लोकाला कळलं तर? पोरीला डाग लागंल. रक्त आपलंच हाय. आपल्याच रक्तात खोट कशी निघंल?"

आपलंच आहे म्हणूनच तर, मी रडकुंडीला येऊन सांगत राहिले. एका बाजूने चुकलेलं अक्षर आलं तर दुसऱ्या बाजूचं चांगलं सांभाळून घेतं. दोन्हीकडून तेच आलं की लेकराच्या पेशीने वाचावं काय? पण पालथ्या घड्यावर पाणी. तिने लेकीच्या पायांवरचा हात काढला नाही आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

भाऊ बाहेर व्हरांड्यात उभा होता. "तू तरी लग्नाला नाही म्हण," मी त्याला म्हणाले. "आत काय चाललंय ते दिसतंय ना तुला?"

"दिसून राहिलं, ताई. पण मी न्हाई म्हणलो, तर आत्या तुला नांदवंल का? हे असलं लेकरू घिऊन कुठं जाशील तू?"

माझा संसार टिकावा म्हणून तो बोहल्यावर चढणार होता, आणि त्याचे भोग कदाचित त्याच्या न जन्मलेल्या लेकराच्या वाट्याला येणार होते. आत लेक मला हाका मारत होती आणि तिच्याकडे जायचा मला धीर होत नव्हता.