खजुराचं भाडं

ग्वाल्हेरच्या दौलतगंजात माझं सुक्या मेव्याचं दुकान आहे आणि तिथं बसून मी आयुष्यभर एकच वाक्य ऐकत आलोय, "मुंबईत तर हेच अर्ध्यात मिळतं." मिळणारच. खजूर जहाजानं येतो आणि मुंबईच्या बंदरात उतरतो. तिथून ग्वाल्हेरपर्यंत ट्रकचं भाडं, टोल, हमाली. त्यात दिवसा मोठ्या गाड्यांना बाजारात बंदी, म्हणून माल शहराबाहेर उतरवून छोट्या टेम्पोत भरायचा, त्याचे पैसे वेगळे. हे सगळं खजुराच्या पेटीच्या किमतीवरच चढतं, पण गिऱ्हाइकाला वाटतं, मीच लुटतोय. पूर्वी समजावून सांगायचो. आता नुसतं म्हणतो, "मग मुंबईहूनच मागवा ना, ताई."

गेल्या श्रावणात बायकोचा भाऊ मुंबईहून आला. घामाघूम होऊन, खांदा धरूनच तो घरात शिरला. त्याची बॅग उघडली तर आत खजूरच खजूर. उपासासाठी बायकोनंच फोन करून मागवला होता.

"अगं, आपलं दुकान कशाचं आहे?" मी विचारलं.

"आपल्याकडचा केवढा महाग पडतो!" ती म्हणाली. "हा तर असाच आला. भाडं नाही, काही नाही."

मेहुणा सोफ्यावर पडून कण्हत होता. मी बामची डबी आणली आणि त्याचा खांदा चोळायला बसलो. खजूर कुणीही आणो, भाडं मलाच भरावं लागतं.