ऐन पालखीला बसलेली साइट

ते प्रकरण अजून डोळ्यांसमोर आहे, आणि आठवलं की हसूही येतं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मी विट्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपतेय तोच शेजारच्या गावच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष आले. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, आवाज तसाच. “आमची साइट पाडली,” म्हणाले. ठाणे अंमलदाराने बांधकाम कुठल्या गटात आहे ते विचारलं.

पाडली होती ती गावाची वेबसाइट, जिच्यावर यात्रेची पालखी थेट दाखवायचे. आदल्या दिवशी ऐन पालखीच्या वेळी ती बंद पडली. होस्टिंग कंपनी, म्हणजे जिच्या यंत्रावर साइट भाड्याने ठेवतात ती, सांगत होती की देशभरातून हल्ला झाला. त्यातच गावातून खबर मिळाली. साइट बांधणाऱ्या पोराला कमिटीने मध्येच काढून टाकलं होतं, तेव्हा तो चावडीपुढे म्हणाला होता, “यात्रेला बसंल बघा तुमची साइट.”

पोराला चौकशीला बोलावलं. त्याची पुण्यातली नोकरी पक्की झाली होती, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी. गुन्हा दाखल झाला असता तर ती हातची गेली असती. आई बाहेर बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

चौकशीत पोरगा आवाज चढवत नव्हता की गयावया करत नव्हता. त्याने तीन कंपन्यांची तुलना केली होती, प्रत्येकीकडे साइट चालवून पाहिली होती. कमिटीने सगळ्यांत स्वस्त कंपनी निवडली. तिथे एकाच यंत्रावर पुष्कळ साइटी दाटीने बसवतात, आणि एखादीवर गर्दी वाढली की कंपनी तीच बंद करते.

“मी धमकी दिली न्हाई साहेब,” तो म्हणाला. “कुणी ऐकंना, म्हणून जोरात सांगितलं.”

मला ते पटलं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. हल्ला कुठून झाला, ते मी कंपनीकडून मागवलं आणि सुभेदारांसमोर शहरांची नावं वाचली. कोइमतूर, गुवाहाटी, कानपूर, त्रिचूर.

“थांबा,” सुभेदार म्हणाले. “त्रिचूरला आमचा धाकटा हाय की.”

कानपूरला मेहुणे निघाले. या भागातली माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली. धाकट्याला फोन लावला. पालखी दिसेना म्हणून दुकानातले सगळेजण साइट पुन्हा पुन्हा उघडत बसले होते, म्हणाला. गावावर हल्ला गावच्याच लेकरांनी केला होता.

अर्ज निकाली काढला. सुभेदार बाहेर जाऊन त्या माउलीला म्हणाले, “वहिनी, पोरगं खरं बोलत हुतं. आमीच ऐकलं न्हाई.” मग पोराकडे वळून, कुठली कंपनी म्हणत हुतास रं, म्हणून विचारू लागले.

इशारा आणि धमकी यांचे शब्द पुष्कळदा तेच असतात. बोलणाऱ्याला काय वाचवायचं आहे ते आधी विचारावं, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढच्या यात्रेला मी साताऱ्यात घरी बसून मोबाइलवर पालखी पाहिली. कुठेही अडली नाही. या लेखात मी कुणाचंच नाव दिलेलं नाही. त्या पोराचं मात्र सुभेदारांनी माइकवरून घेतलं, आणि जिथे जिथे गलाईची दुकानं आहेत तिथे तिथे ते ऐकू गेलं.