क्लच कुठे उचलतोय?

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली आडवा होतो. फोन बाकावर वाजत होता, हात ग्रीसने माखलेले, म्हणून मी तो वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चिडूनच बाहेर आलो. दत्ताच्या बायकोचा, मंगलवहिनींचा फोन होता. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या... त्याला आता सहा आठवडे झाले. दत्ताबद्दल चार चांगले शब्द लिहायला मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा उठलो. चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण माझ्या मनात जे अडकलंय ते वेगळंच आहे. ते एकदाचं लिहून टाकतो.

दत्ता एसटीचा ड्रायव्हर. ठाण्यातल्या खोपटच्या डेपोतून कोकणात गाड्या नेण्यात त्याची तीस वर्षं गेली. माझं गॅरेज जवळच, वागळे इस्टेटमध्ये, त्यामुळे ड्युटी संपली की तो चहाला यायचा आणि माझ्या गिऱ्हाइकांना फुकट व्याख्यान द्यायचा. क्लचवरचा पाय सोडताना एका जागी गाडी पकड घेते, त्याला आम्ही 'क्लच उचलतो' म्हणतो. ती जागा तळपायाला कळली पाहिजे, असं त्याचं ठाम मत. "पायाकडे बघतो तो ड्रायव्हर नाही, पॅसेंजर!" हे त्याचं पालुपद. एका डॉक्टरीणबाईंना त्याने सँडल काढायला लावून अनवाणी क्लच शिकवला होता. बाई आधी भडकल्या, आठवडाभराने पेढे घेऊन आल्या. मला मात्र त्याच्या या व्याख्यानांचा वैताग यायचा, आणि तो न आला की चहा गोड लागायचा नाही.

रिटायर झाल्यावर त्याने डोंबिवलीत एक जुनी छोटी गाडी घेतली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी नातीला, ओवीला, ठाण्याला नाचाच्या क्लासला न्यायचं हे त्याचं नवं काम. फोन केला की सांगायचा, "रूटवर आहे रे, नंतर बोलतो." आवाजात पुन्हा खाकी कपडे चढवल्याचा रुबाब असायचा.

गेल्या वर्षी एक दिवस गॅरेजमध्ये येऊन म्हणाला, "सुऱ्या, क्लच फार वर उचलतोय. जरा खाली घे." दोन मिनिटांचं काम. क्लच केबलच्या टोकाला एक नट असतो. तो आवळला की क्लच वर उचलतो, सैल केला की खाली. मी सैल केला. आठ दिवसांनी परत हजर. "फार खाली गेला. वर घे." मग पुन्हा खाली. चौथ्या वेळी माझी सटकली. "क्लच आहे का लिफ्ट रे तुझी?" तो हसला नाही. मी गिअरबॉक्स उतरवला, तर क्लच प्लेट जळून काळी पडलेली. ती प्लेट मी सगळ्यांसमोर त्याच्या नाकाखाली धरली आणि म्हणालो, "क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतोस तू." तीस वर्षं घाट चढवलेल्या माणसाला ही शिवीच. पण त्याने नेहमीसारखं माझ्या खानदानाचं नाव काढलं नाही. नुसता निघून गेला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

नवी प्लेट टाकून दिली, तरी पंधरा दिवसांनी बुधवारी सकाळी त्याचा फोन. "पॉइंट सापडत नाहीये. तूच बस शेजारी, बघ." मी डोंबिवलीला गेलो. पुलाच्या चढावर गाड्या तुंबलेल्या. आम्ही मधोमध थांबलो. मागे अगदी चिकटून एक स्कूटर, तिच्यावर एक बाई आणि पुढ्यात उभं असलेलं चार वर्षांचं पोर. पुढची गाडी हलली. दत्ताने पहिला गिअर टाकला, ब्रेक सोडला... आणि खाली बघितलं. स्वतःच्या डाव्या पायाकडे. गाडी मागे सरकायला लागली. मागून बाई ओरडली, हॉर्न वाजले, दत्ता अजून खालीच बघतोय. मी हँडब्रेक ओढला तेव्हा आमच्यात आणि त्या स्कूटरच्या चाकात वीतभर अंतर राहिलं असेल.

पूल उतरून गाडी कडेला लावली. गाडी मी चालवत होतो, त्याने मुकाट चालवू दिली होती. मग तो म्हणाला, "पाय कळत नाही रे. चप्पल पायात आहे का सुटली, ते बघावं लागतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. साखरेमुळे असेल."

"वहिनींना माहितीये?"

"येडा झालास काय? किल्ली काढून घेईल ती. मग मी दिवसभर काय, खिडकीतून रिक्षा मोजू?" मग माझा दंड धरून म्हणाला, "कोणाला बोललास ना, तर तुझा माझा संबंध संपला."

दोनच दिवसांनी शुक्रवार होता. ओवी या गाडीत बसणार होती. मी ते ऐकून घेतलं आणि गप्प राहिलो. त्याच्या बिल्डिंगच्या आवारात पोचल्यावर म्हणालो, "केबल बघतो जरा." तो वर चहा सांगायला गेला, आणि मी तो नट इतका सैल केला की क्लच तळाला टेकवला तरी सुटेना. दत्ता खाली आला, गाडी चालू करून गिअर टाकायला गेला, तर नुसती करकर. मी तोंड वाकडं करून सांगितलं की आतला लिव्हर गेलाय, मॉडेल जुनं आहे, पार्ट मिळायला वेळ लागेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, किल्ली काढली आणि "बरं" म्हणाला.

ओवी आईबरोबर बसने जायला लागली. मी दर गुरुवारी दत्ताकडे जायचो, तो पार्टबद्दल विचारायचा, मी काहीतरी ठोकून द्यायचो. खरं सांगतो, मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. दोस्ती शाबूत आणि पोरगीही सुरक्षित! पाय मात्र तसाच होता. त्याबद्दल मी डॉक्टरचं नाव एकदाच काढलं, त्याने विषय बदलला, मी बदलू दिला. तीन महिन्यांनी बुटातल्या खड्याने त्याच्या टाचेला जखम झाली. ती त्याला कळलीच नाही. ताप चढला तेव्हा घरच्यांनी मोजा काढला. दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होता. आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

गेल्या रविवारी मी वहिनींकडे गेलो. हे सगळं त्यांना सांगायचं ठरवून, पाना खिशात टाकून गेलो होतो. नुसतं तोंडाने सांगणं जमणार नव्हतं. त्यांना खाली आवारात नेलं, बोनेट उघडलं, हा बघा नट, असं म्हणून हात घातला... तर नट आवळलेला. मी आत बसून क्लच दाबून पाहिला. बरोबर मधोमध उचलत होता. इतका बरोबर मीही लावला नसता.

"कोणी हात लावला याला?" मी विचारलं.

"ह्यांनीच," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बघून गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. दार उघडून खाली गुडघ्यांवर बसलेले. पेडल हाताने दाबून बघत होते. गाडीला काही झालेलं नाही म्हणाले. मग चालवत का नाही विचारलं, तर म्हणाले, कंटाळा आला. आणि सुऱ्याला सांगू नकोस म्हणाले, त्याला वाईट वाटेल."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गाडी ठीक करून त्याने स्वतःच ती सोडली होती, आणि दर गुरुवारी माझी थाप मान डोलावून ऐकत होता. मला रडू यायच्या आधी त्याचा भयंकर राग आला. गाडी सोडायची अक्कल होती, तर घरात एक वाक्य बोलायला काय झालं होतं त्याला? आणि मला?

मग मी वहिनींना पूल सांगितला, स्कूटर सांगितली, दिवाळीपासून न कळणारा पाय सांगितला. त्या बोनेटला हात टेकून ऐकत होत्या. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही दोघं एकमेकांना जपत बसलात, भाऊजी," त्या म्हणाल्या. "एकाने तरी मला सांगायचं होतं."

मी पाना हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. नट जागेवर होता, करण्यासारखं काही उरलं नव्हतं.