गयामावशीचं अंतर

वस्ती गावापासून किती लांब, असं गयामावशीला कोणी विचारलं की ती म्हणायची, "कडंवरचं पोरगं झोपी जातंय तेवढी." धारूर तिच्या लेखी 'दोन डाव तहान लागंल' इतकं दूर. किलोमीटर सांगितले तरी ती ते मनावर घेत नसे.

डोंगरकडेला धनगरांची तिची वस्ती होती. नवरा गेल्यावर दोन म्हशींच्या दुधावर तिनं दोन्ही लेकींची लग्नं केली. मी तेव्हा गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. वस्तीवर आमचं छोटं संकलन केंद्र होतं. तिथलं दूध जीप खाली आणायची. महिन्यातून एकदा मावशी गावात आली की कचेरीत भुईवर बसायची आणि मला 'लेका' म्हणत माझ्या घरचं सगळं विचारून घ्यायची.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी वस्तीवरचं दूध आटत गेलं. केंद्र बंद होणार अशी कुणकुण लागली, तशी ती विचारायला आली. मी भाषणात बोलावं तसं म्हणालो, "मावशी, संस्था तुम्हा लोकांना अंतर देणार नाही."

"अंतर म्हंजी? लगनातला अंतरपाट का?"

मी हसून सांगितलं, अंतर देणं म्हणजे सोडून देणं.

"मग सोडणार न्हाई म्हण की, लेका."

पुढच्याच बैठकीत केंद्र बंद करायचा ठराव झाला. मी चेअरमनपुढे तोंड उघडलं नाही; ठराव मीच लिहिला. वस्तीवर जाऊन सांगायचंही टाळलं. जीप यायची थांबली, तेव्हा त्यांना कळलं.

मग मावशी डोक्यावर किटली घेऊन पायी येऊ लागली. चौथ्या दिवशी उन्हानं दूध नासलं आणि माप घेणाऱ्यानं ते परत केलं. मी पुढे होऊन काही बोलू लागलो, तर ती शांतपणे म्हणाली, "तुमी कावून वाईट वाटून घेता, साहेब? माज्या पायाला सवय हाय. दुधाला न्हाई."

इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदाच 'तुमी' म्हणाली. बाहेर बाभळीच्या बुडाशी किटली उपडी करून ती चढाला लागली. पंधरा दिवसांत तिनं दोन्ही म्हशी सिरसाळ्याच्या एका माणसाला विकल्या.

दोन वर्षांनी पाऊसपाणी बरं झालं. केंद्र पुन्हा सुरू करायचं ठरलं आणि ते सांगायला मी स्वतः निघालो. जीपचा रस्ता पावसानं वाहून गेला होता, म्हणून मोटारसायकल पायथ्याशी लावली. तो चढ मी कधीच पायी चढलो नव्हतो. तीनदा बसावं लागलं.

मावशी अंगणात होती, फार थकलेली. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. बरं झालं म्हणाली, बाकीच्यांची सोय होईल. तिनं चूल पेटवली.

"दूध न्हाई घरात," ती म्हणाली. "कोरा चालंल का?"

मी चालेल म्हणालो आणि तो कोरा चहा मान खाली घालून प्यायलो.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. वस्तीवरून मला सांगायला कोणी आलं नाही. मला कळलं, तेव्हा तिचं तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं.