सासऱ्यांचा बॅटरीवरचा रेडिओ

मंडळी, आज आमच्या मुलुंडच्या इमारतीतल्या सावंतकाकू त्यांच्या दिवंगत सासऱ्यांचा रेडिओ घेऊन माझ्याकडे आल्या; जुने रेडिओ मी दुरुस्त करतो.

"वायर कुणीतरी कापलीय रे. प्लग लावून दे ना, एकदा ऐकायचाय."

मागचं झाकण उघडलं. आत बॅटरीचा कप्पा दिसला. वीज नसलेल्या गावासाठीच केलेला रेडिओ होता तो.

"काकू, प्लग लावला असता तर आतले सगळे काचेचे व्हॉल्व्ह जळाले असते. आता मिळतही नाहीत."

"अगो बाय! मी घरीच लावणार होते!"

खराब कंडेन्सर बदलले, छोट्या बॅटऱ्यांची माळ जोडली, देवाचं नाव घेऊन बटण फिरवलं. आधी खरखर, मग भजन.

काकूंनी चटकन डोक्यावर पदर घेतला, सासरे खोलीत आल्यासारखा.

हे माझ्या हातून घडलं, देवाचे उपकार. तुमच्या घरी दिवंगत माणसाचा असा मान कोण राखतं?