हातचा घास

कॉलेजच्या सुट्टीत बाबांबरोबर चाऱ्याची गाडी घेऊन मी सौदीतल्या खमीस मुशैतच्या एका गोठ्यावर जायचो. तिथे रत्नागिरीकडचे एक चाचा प्रदर्शनाच्या गोऱ्ह्याला भिजवलेले जव मुठीमुठीने भरवत. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गोऱ्ह्याचं वजन भरलं की कफील, म्हणजे ज्याच्या परवानगीशिवाय देश सोडता येत नाही तो मालक, त्यांना तीन वर्षांत पहिल्यांदाच गावी सोडणार होता.

शेवटच्या खेपेला वजन भरलं होतं. मी म्हणालो, "चाचा, आता घरी!"

"कसलं घर, कॉलेजवाल्या? ह्यो दुसऱ्याच्या हातचं खातच नाय. कफील म्हणतो, तू गेलास तर वजन उतरेल. सवय मीच लावली ना!"

चाचांनी पुन्हा मूठ पुढे केली. गोऱ्हा त्यांच्याकडे बघत निवांत खाऊ लागला.