येतं की

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. एकदा तोंडाने बोलले होते — पण त्याला सांगणं म्हणत नाहीत. ते शेवटी येईलच.

मी नाशिक रोडला प्रेसमध्ये होते. काम एकच — छापून आलेल्या नोटांच्या शीट बघायच्या, चूक दिसली की शीट बाजूला काढायची. बाहेरच्यांना वाटायचं, हिला खरं-खोटं लगेच कळतं. कॉलनीत कुणाला एखाद्या नोटेची शंका आली की ती माझ्याकडे यायची. "ताई, बघा जरा." मी नोट खिडकीच्या उजेडात धरायचे आणि आलेला माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. मला ते आवडायचं. आता खोटं कशाला बोलू?

दोन हजार सहा-सात साल असेल. जेल रोडच्या सायबर कॅफेत मला एक साईट दिसली — कॅमेरे, मिक्सर, घड्याळं, सगळं निम्म्या किमतीत. लेकीला वाढदिवसाला डिजिटल कॅमेरा हवा होता. पत्ता कुठेच नव्हता, नुसता मोबाइल नंबर. पैसे भरायचे ते कंपनीच्या नाही, कुणा एका माणसाच्या खात्यात. आणि गॅरंटी या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं. ते मला दिसलं होतं — हे लिहून ठेवते. शीटवर असती तर अशी चूक मी झोपेतसुद्धा बाजूला काढली असती. इथे का नाही काढली? स्वस्त होतं म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आणि मी डब्याच्या सुट्टीत सगळ्यांना सांगून बसले होते. इंटरनेटवरून मागवलाय, घरपोच येणार, निम्म्या किमतीत! बायका रोज विचारायच्या, आला का गं? आधी फोनवर माणूस म्हणाला, कस्टममध्ये अडकलाय, आणखी थोडे भरा. मी तेही भरले. मग फोन बंद.

मग मी काय केलं? एका रविवारी शहरात गेले, मेन रोडच्या दुकानातून तोच कॅमेरा पुऱ्या किमतीत घेतला. सीबीएसवर बसची वाट बघताना बिल फाडलं. घरी येऊन खोक्यावरचं दुकानाचं स्टिकर खोबरेल लावून, नखाने खरवडून काढलं. सोमवारी कॅमेरा प्रेसच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवला — आला बाई एकदाचा! झाकली मूठ सव्वा लाखाची. इतपत असतं तर ही फक्त माझी फजिती होती.

पण सुमन होती. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, चांदवडकडची. लहानपणी डावा कान फुटला, तो कायमचा गेला. आणि आता उजव्यानेही कमी ऐकू यायला लागलं होतं. ती माणसाच्या ओठांकडे बघत बोलायची. कुणाला कळू नये म्हणून सगळ्यांत आधी हसायची. वरच्या जागेसाठी तोंडी परीक्षा होणार होती, आणि साहेबांचा प्रश्नच ऐकू आला नाही तर काय करायचं, ही तिची धास्ती. दुकानात कानाचं मशीन घ्यायला गेलं तर कुणीतरी बघेल, चर्चा होईल, असं तिला वाटायचं.

तिने मला कोपऱ्यात घेतलं. "तुझ्या त्या साईटवर कानाचं मशीन बी हाय. लय स्वस्त. खरंच येतं का गं घरी?"

ती माझ्या ओठांकडे बघत होती.

मी म्हणाले, "येतं की."

दोनच शब्द. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. कारणसुद्धा सांगावं लागलं नसतं — पण मग कॅमेरा कुठून आला, हे तिने विचारलं असतं. तेवढ्यासाठी. पैसे भरायला ती चार दिवसांनी गेली. त्या चार दिवसांत आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला.

मशीन आलं नाही. ती मला म्हणाली, "तुझं आलं ना? मग माझंच फॉर्म भरताना काहीतरी चुकलं आसंल." यावर मी काय बोलले, माहिती आहे? म्हणाले, असेल बाई. नवऱ्याने तिचं एटीएम कार्ड काढून घेतलं — तुला काही कळत नाही म्हणून. ती परीक्षेला बसली नाही. निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर राहिली.

मला लाज वाटली का? तेव्हा वाटली, खूप वाटली. आता काहीच वाटत नाही, आणि ते जास्त वाईट आहे असं मला वाटतं. कॅमेरा कपाटात आहे. लेकीच्या त्या वाढदिवसाच्या फोटोत सुमनही आहे, केक भरवताना.

आता आम्ही दोघी पेन्शनर. संध्याकाळी कॉलनीच्या बागेत फिरतो. तिच्या उजव्या कानात आता मशीन आहे, मुलाने घेऊन दिलेलं, फार उशिरा. गेल्या वर्षी एकदा बाकावर बसलो असताना मी समोर बघत सगळं बोलून टाकलं — साईट, मेन रोड, खोबरेल, ते दोन शब्द. सगळं. ती पोरांचं बॅडमिंटन बघत होती. माझे ओठ हलताना तिला कडेने दिसले असावेत. मान वळवून म्हणाली, "काय म्हणालीस गं?"

म्हटलं, "काही नाही. चहा घेऊ या."

बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा होती. मी डावीकडे बसले होते.